घरात कमावते तिघे, कर्जं सहा: एका वहीत हिशेब कसा आणायचा?

कृष्णाकाठ | १६ जून, रात्री ११:४०

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

आम्ही सांगलीत राहतो. घरात सहा माणसं: सासू-सासरे, आम्ही दोघं, धाकटे दीर आणि सहावीतली मुलगी. नवरा कुपवाड एमआयडीसीत, ३८ हजार. मी एका खाजगी ऑफिसात अकाउंट्सला, २४ हजार. दिरांचं मिरजेत मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, ते घरात पंधरा देतात. बाबा, म्हणजे सासरे, साखर कारखान्यातून निवृत्त. ईपीएस-९५ ची (पीएफसोबतची पेन्शन योजना) त्यांची पेन्शन २,४०० रुपये (हो, अडीच हजारसुद्धा नाही). मागची खोली भाड्याने दिलीय तिचे साडेतीन. एकूण ८२,९००.

ऐकायला बरं वाटतं ना? आता दुसरी बाजू.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तेव्हा आमचा तळमजला पाण्यात होता. घर सावरायला आणि वर दोन खोल्या चढवायला गृहकर्ज काढलं, त्याचे ६,४०,००० बाकी, हप्ता ११,२००. त्यातच कमी पडले म्हणून मामेसासऱ्यांकडून एक लाख हातउसने. पाच वर्षं झाली, एक रुपया परत गेलेला नाही. नवऱ्याचं पर्सनल लोन २,८५,००० बाकी, हप्ता १०,७००, व्याज १५ टक्के. दुकानासाठी पतसंस्थेचं दीड लाख, हप्ता ५,१००. गाडीचे ४६ हजार, हप्ता ३,१५०. आणि क्रेडिट कार्डावर १,१२,०००. त्याचे दर महिन्याला 'किमान देय' ५,६०० भरतोय.

बेरीज १३,३३,०००. हा आकडा मी आज पहिल्यांदा एका कागदावर लिहिला. दुसऱ्यांच्या कंपनीचा ताळेबंद मी दर मार्चला पैशापैशाने जुळवते आणि घरचा कधी मांडला नव्हता.

शाळा सुरू झाली, फी आणि वह्या-पुस्तकांचे १४ हजार परत कार्डावर गेले, तेव्हा हे सुचलं. एकत्र कुटुंबात घरखर्चाची एकच वही कुणी चालवलीय का? कशी चालवली? हिशेब मला येतो. वही घेऊन सगळ्यांसमोर बसायचं कसं, ते येत नाही.

---

मिरचीभजी | १७ जून, सकाळी ७:१५

आधी एक काम करा. ते कार्ड कात्रीने कापा.

---

निवृत्त_रोखपाल | १७ जून, सकाळी ९:०२

बँकेत ३४ वर्षं काढली. तुमच्या यादीत एकच कर्ज असं आहे की जे तुम्ही फेडत आहात असं तुम्हाला वाटतं, पण फेडत नाही. कार्ड.

महिना साडेतीन टक्के धरा. १,१२,००० वर व्याज ३,९२०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ७०६ रुपये. झाले ४,६२६. तुम्ही भरता ५,६००. म्हणजे मुद्दल फिटलं ९७४ रुपये. शिवाय मागची थकबाकी असताना नवीन खरेदी केली तर तिला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. लोकांना हे माहीत नसतं. वह्या-पुस्तकांच्या त्या १४ हजारांवर व्याज सुरू झालंसुद्धा.

गृहकर्जाकडे तूर्त ढुंकून पाहू नका. सगळ्यांत स्वस्त तेच आहे.

---

ठाण्याची_ठमा | १७ जून, सकाळी १०:३०

कृष्णाकाठ, रोखपालकाकांचं गणित बरोबर आहे, पण तुझा प्रश्न वेगळा आहे ना गं? हप्ते ३५,७५० होतात. ८२,९०० तून ते गेले की ४७,१५० उरतात. सहा माणसांत ते पुरतात का? पुरत नसतील तर वरचे कुठून येतात? ते आधी सांग.

---

कृष्णाकाठ | १७ जून, रात्री १०:५५

ठमाताई, नेमकं तिथेच बोट ठेवलंत. गेल्या तीन महिन्यांची बँक स्टेटमेंट आणि यूपीआयची यादी काढून बसले. घरखर्च सरासरी ५२ हजार. म्हणजे महिन्याला जवळपास पाच हजारांचं भोक, आणि ते कार्डाने बुजवलं जातंय. एका हाताने ९७४ फेडायचे, दुसऱ्या हाताने पाच हजार चढवायचे.

वाणसामान, दूध, गॅस, वीज यांत विशेष काही सापडलं नाही. सासूबाई कालनिर्णयाच्या चौकोनांत दुधाचे आकडे लिहितात, एक पिशवी इकडची तिकडे होत नाही. सापडलं ते भलतीकडेच. ऑनलाइन मागवलेलं खाणं ६,४००. सगळं दीडशे-दोनशे असं सुटं सुटं, त्यामुळे कुणालाच दिसलं नव्हतं. आणि आहेर! मे महिन्यात लग्नं, मुंजी, वास्तुशांती मिळून ११ हजार. त्यातली दोन घरं तर अशी की पुन्हा भेट झाली तर नावं आठवणार नाहीत.

आणि एक कबुली. इथे तोंड लपवता येतं म्हणून लिहितेय. मी ऑफिसातल्या बायकांच्या भिशीत महिना दोन हजार भरते. घरात कुणालाच माहीत नाही, नवऱ्यालाही. माझा नंबर ऑक्टोबरचा आहे, २४ हजार मिळतील. अडीअडचणीला आपले म्हणून असावेत, एवढंच मनात होतं.

---

आडगावचा | १८ जून, सकाळी ८:२०

ताई, राग मानू नका, पण दिरांना वेगळं काढा. दुकानाचं कर्ज त्यांचं, हप्ता घरातून. एकत्र कुटुंबात असंच होतं. कष्ट एकाचे, चंगळ दुसऱ्याची.

---

स्वातीनक्षत्र | १८ जून, सकाळी ८:४४

आडगावचा, चंगळ? पंधरा हजार देतोय तो घरात. तुम्ही प्रत्येक धाग्यावर 'वेगळे व्हा' हेच सांगता. वेगळं झालं की दोन गॅस, दोन भाडी, दोन फ्रिज. कर्ज काय वाटणीने कमी होतं?

---

आडगावचा | १८ जून, सकाळी ८:५१

अनुभवाचे बोल आहेत. बाकी तुमची मर्जी.

---

हिशेबी_माणूस | १८ जून, दुपारी १:१०

आम्ही २०१६ ते २०२० या काळात साडेनऊ लाखांतून बाहेर आलो. दोघे भाऊ, आई आणि दोन्ही जावा. जे चाललं तेवढंच लिहितो.

एक म्हणजे घराचं वेगळं बचत खातं काढलं. पगार झाला की दोन दिवसांत प्रत्येकाने ठरलेली रक्कम त्यात टाकायची. हप्ते, वीज, किराणा, शाळा सगळं तिथूनच. त्या खात्याचं एटीएम कार्ड आईकडे. तिला मशीन वापरता येत नव्हतं, म्हणूनच तिच्याकडे!

दुसरं, आणि हे माझ्या बायकोने भांडून घेतलं: प्रत्येकाला महिना हजार रुपये असे, की ज्यांचा हिशेब कुणी विचारायचा नाही. सिगारेट ओढा, साडी घ्या, भिशी भरा. पहिल्या खेपेला आम्ही हे ठेवलं नव्हतं. सगळा पैसा वहीत. चौथ्या महिन्यात सगळे खोटं लिहायला लागले. भाऊ पेट्रोल दीडपट लिहायचा. कुणी चोर नव्हतं हो, पण चाळिशीतल्या माणसाला पानपट्टीचा हिशेब आईला द्यायला लाज वाटते.

तेव्हा तुमची भिशी हा गुन्हा नाही. पण सभेला बसाल तेव्हा सगळ्यांत आधी तीच सांगा.

---

निवृत्त_रोखपाल | १८ जून, दुपारी ४:३५

सभेच्या आधी घरातल्या प्रत्येक कमावत्याचा क्रेडिट रिपोर्ट काढा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. विसरलेली, लपवलेली बरीच कर्जं तिथे दिसतात. मित्राला जामीन राहिला असाल तर तीही बऱ्याचदा दिसते. पतसंस्थेची जामीनकी मात्र दिसेलच असं नाही, ती तोंडी विचारून घ्या. जामीनदाराची जबाबदारी कायद्याने कर्जदाराइतकीच असते. 'मी फक्त सही केली होती' हे वाक्य मी काउंटरवर किती वेळा ऐकलंय त्याला गणती नाही.

---

कृष्णाकाठ | २३ जून, रात्री ११:३०

आज रविवारी बसलो. जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ दिलात.

मी भिशीपासून सुरुवात केली. नवरा दोन मिनिटं गप्प. सासूबाई म्हणाल्या, "दोनच हजार? मी तुझ्या वयाची असताना निम्मा पगार लपवायचे." त्या कधीच नोकरीला नव्हत्या, बाबांच्या पगारातला निम्मा म्हणायचं होतं त्यांना. बाबांनी चष्मा काढून पुसला. तिथे सगळेच हसले आणि जरा सैल झालं.

मग दीर उठून आत गेले. मला वाटलं चिडले. परत आले ते मोबाईल घेऊनच. रिपोर्ट त्यांनी आधीच काढून ठेवला होता. दोन कर्ज देणारी ॲप्स. एकावर १८ हजार, दुसऱ्यावर साडेनऊ. लॉकडाऊनमध्ये दुकान बंद होतं तेव्हा लागलेली सवय. एक फेडायला दुसरं घ्यायचं. महिन्याला सहा-सात हजार त्यातच जायचे. "वहिनी, तुम्ही भिशी सांगितली नसती तर मीही बोललो नसतो," असं म्हणाले.

म्हणजे एकूण १३,६०,५००. वाढलं तरी आज झोप लागेल असं वाटतंय.

बाबा पूर्ण वेळ काही बोलले नाहीत. शेवटी एवढंच म्हणाले, "मामांचे कधी?" त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

---

स्वातीनक्षत्र | २४ जून, सकाळी ७:५०

सासूबाईंना माझा नमस्कार सांग!!

---

मिरचीभजी | २४ जून, सकाळी ९:१५

ॲपवाल्यांचं जपून. कर्ज कुठल्या बँकेचं किंवा एनबीएफसीचं (बँक नसलेल्या वित्त कंपनीचं) आहे ते ॲपमध्ये लिहिलंय का बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ॲपला तुमच्या फोनमधली नावांची यादी, फोटो यांना हात लावता येत नाही. नातेवाइकांना फोन करून धमकावत असतील तर स्क्रीनशॉट ठेवा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर तक्रार करता येते. आणि 'अर्धे भरा, सेटलमेंट करून टाकू' म्हणाले तर भुलू नका. रिपोर्टवर 'सेटल्ड' असा शेरा बसतो आणि पुढे गृहकर्जाला तो नडतो. पूर्ण भरा आणि 'नो ड्यूज' (काही बाकी नसल्याचा दाखला) घ्या.

---

निवृत्त_रोखपाल | २४ जून, सकाळी ११:२०

आता कडू सल्ला. घरात सोनं आहे का?

कार्ड आणि दोन्ही ॲप्स मिळून १,३९,५००. बँकेचं सोने तारण कर्ज साडेनऊ टक्क्यांच्या आसपास मिळतं. १ लाख ४० हजारांवर पहिल्या महिन्याचं व्याज अकराशे आठ रुपये. आज नुसत्या कार्डाचे तुम्ही ४,६२६ देताय. सोनं विकू नका, तारण ठेवा. नेताना लक्षात ठेवा, बँकेचा सराफ खडे, मोती, लाख यांचं वजन वजा करतो आणि किमतीच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं.

एक अट मात्र पाळा. यात बहुतेक लोक वर्षभर काहीच भरत नाहीत, किंवा नुसतं व्याज भरून नूतनीकरण करत राहतात. मग पाटल्या दहा वर्षं बँकेच्या तिजोरीत. दर महिन्याला मुद्दल जायलाच हवं.

---

ठाण्याची_ठमा | २४ जून, दुपारी १२:०५

काका, थांबा. सोनं म्हणजे कुणाचं? सुनेचंच ना? घर सगळ्यांचं, कर्ज सगळ्यांचं, आणि हातातलं काढायची वेळ आली की बाईचं. स्त्रीधनावर तिची एकटीची मालकी असते. नवऱ्याने अडचणीला वापरलं तरी परत करण्याची जबाबदारी त्याचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा सांगितलंय. कृष्णाकाठ, ठेवायचंच असेल तर घरातल्या घरात लिहून घे. कुणाचं, किती वजन, कधी सोडवायचं. खाली सगळ्यांच्या सह्या.

---

आडगावचा | २४ जून, दुपारी १२:३०

घरात सह्या? मग कोर्टातच जा की सरळ.

---

हिशेबी_माणूस | २४ जून, दुपारी २:००

आम्ही लिहिलं होतं. वहिनीच्या बांगड्या होत्या. त्या कागदामुळे कधी भांडण झालं नाही. कागद नसता तर नक्की झालं असतं.

---

कृष्णाकाठ | ९ जुलै, रात्री १०:१५

मी माझ्या पाटल्या काढून ठेवल्या होत्या. सासूबाईंनी त्या परत माझ्या डब्यात ठेवल्या आणि स्वतःच्या आणल्या. तीन तोळ्यांच्या, त्यांच्या आईने दिलेल्या. म्हणाल्या, "वटपौर्णिमेला घातल्या होत्या. आता संक्रांतीपर्यंत कपाटातच बसतात, बँकेत बसू देत." मी म्हटलं, आई, आपण लिहून ठेवू. वाटलं होतं, रागावतील. त्यांनी स्वतःच वही ओढली आणि वजन ग्रॅममध्ये लिहिलं, तेही दोन दशांश स्थळांपर्यंत. खाली चौघांच्या सह्या. बाबांनी इंग्रजीत केली.

काल १,४०,००० मिळाले, कर्ज आईंच्याच नावावर. कार्ड शून्य, दोन्ही ॲप्स शून्य, 'नो ड्यूज'चे मेल आले. कार्ड कापलं (मिरचीभजी, कात्रीनेच!).

खर्च ५२ वरून ४३ वर आणायचा ठरलाय. बाहेरचं खाणं महिन्यातून एकदाच. नवऱ्याची एक जुनी विमा पॉलिसी, हप्ता १,९००, सात वर्षं भरलीय, ती पेड-अप करतोय (पुढचे हप्ते बंद, पॉलिसी कमी रकमेची चालू). आहेराला पाचशेची मर्यादा, जवळचं घर सोडून. आणि पाचही मोठ्यांना महिना हजार बिनहिशेबी, ते या ४३ मध्येच धरलेत. माझी भिशी तूर्त अर्धी त्या हजारातून, अर्धी डब्याचा खर्च वाचवून. ऑगस्टपासून सोने तारणाला महिना ८,०००.

दीर आता पंधराऐवजी सतरा देणार आहेत. कुणी मागितले नव्हते.

---

वाटसरू७२ | ९ जुलै, रात्री ११:०५

एवढ्या कटकटीपेक्षा एक मोठं पर्सनल लोन काढून सगळं त्यात का नाही घालत? एकच हप्ता.

---

निवृत्त_रोखपाल | १० जुलै, सकाळी ८:४०

कारण एकच हप्ता झाला की कार्ड मोकळं दिसतं आणि माणूस परत वापरतो. मग मोठं लोनही असतं आणि कार्डही. दर दहापैकी... जाऊ दे, आकडा देत नाही, पण पुष्कळ पाहिलेत.

---

कृष्णाकाठ | १४ सप्टेंबर, दुपारी ३:२०

गौरी-गणपती झाले, म्हणून हा मधला अहवाल. फार चांगला नाही.

ऑगस्ट, सप्टेंबरचे आठ-आठ हजार गेले. पण गौरीला नणंद आली, तिची साडी आणि भाच्यांचे कपडे मिळून सहा हजार. पाचशेची मर्यादा मी बोलून दाखवली आणि सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. "लेक माहेरी येते ती काय आहेर मोजायला?" त्यांचंही खरं आहे. शेवटी त्यांनी स्वतःच्या हजारातले तीन महिने आगाऊ घातले, बाकीचे घराच्या खात्यातून. वहीत मी 'गौरी' लिहिलं, त्यांनी ते खोडून 'लेक' लिहिलं.

किराणा मात्र ठरल्याच्या आत आहे.

---

ठाण्याची_ठमा | १४ सप्टेंबर, दुपारी ४:१०

सणांचं वेगळं पाकीट कर गं. वर्षाचा अंदाज काढून बाराने भाग. गौरी दर वर्षी येतात, अचानक नाही येत!

---

कृष्णाकाठ | ५ नोव्हेंबर, रात्री ९:४५

ठमाताई, केलं. महिना बाराशे.

बातमी: भिशीचे २४ हजार आणि नवऱ्याचा दिवाळी बोनस १२ हजार, यांतून गाडीचं कर्ज बंद केलं. चार हप्ते आधीच गेले होते, तेव्हा ३५ हजारांच्या आसपास उरलं होतं, वर थोडे फोरक्लोजरचे (मुदतीआधी कर्ज बंद करण्याचे).

---

हिशेबी_माणूस | ५ नोव्हेंबर, रात्री १०:२०

अभिनंदन! पण व्याजाच्या हिशेबाने पर्सनल लोन आधी हवं होतं. १५ टक्के आहे ते.

---

कृष्णाकाठ | ५ नोव्हेंबर, रात्री १०:४०

माहीत आहे. पण ३६ हजारांनी पर्सनल लोनचा हप्ता एक रुपयाने कमी झाला नसता. गाडीचा ३,१५० चा हप्ता संपला. आणि खरं सांगू का, घरातल्या माणसांना काहीतरी संपलेलं दिसायला हवं होतं. दिरांनी गाडी धुतली, हार घातला. आता तारणाला ११,०००.

दिरांचे वाढीव दोन हजार या महिन्यापासून मामांसाठी बाजूला. बाबांनी सांगितलं, तोंडाने नव्हे, वहीत एक ओळ वाढवून.

---

निवृत्त_रोखपाल | ६ नोव्हेंबर, सकाळी ९:००

बिनव्याजी पैसे शेवटी फेडावेत असं माझं पुस्तक सांगतं. पण तुमच्या बाबांचं बरोबर आहे.

---

कृष्णाकाठ | २३ फेब्रुवारी, रात्री ९:३०

खूप दिवसांनी. सोने तारण आता एकोणऐंशी हजारांच्या आत आलंय. जुलैत वर्ष भरेल तेव्हा थोडं उरेल, ते नूतनीकरण करावं लागेल. पर्सनल लोन आणि पतसंस्था आपल्या गतीने. डिसेंबरात मुलीला डेंग्यू झाला, त्यात १९ हजार गेले, म्हणून एक महिना सणांचं पाकीट रिकामं होतं. कार्ड नव्हतं. असतं तर वापरलं असतं, हे लिहून ठेवते.

आज बाबा तासगावला मामांकडे गेले. पूर आला त्या वर्षानंतर पहिल्यांदा. मधल्या काळात तिथे दोन लग्नं झाली, दोन्ही वेळा बाबांच्या गुडघ्याने दगा दिला होता. तो गुडघा आज एसटीने गेला. चार महिन्यांचे आठ हजार पाकिटात घालून नेले होते. मामांनी घेतले नाहीत म्हणे. मग मामींनी घेतले, आणि मोजूनही घेतले. बाबांना ते फार आवडलं.

---

स्वातीनक्षत्र | २३ फेब्रुवारी, रात्री ९:५०

मामी!! मस्तच.

---

मिरचीभजी | २३ फेब्रुवारी, रात्री १०:०५

तासगावला या दिवसांत गेले आणि रिकाम्या हाताने आले असं होणार नाही. खरं सांगा.

---

कृष्णाकाठ | २३ फेब्रुवारी, रात्री १०:१२

पाच किलो बेदाणे. सासूबाईंनी वहीत 'जमा' खाली लिहिलेत.